चढले लॉक, उतारले मोकयं

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "नाना, गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर आठवायला बसलो, तर अडतीस वर्षांत गंमत अशी काही आठवेचना. राग मात्र ढिगाने आठवला. गिऱ्हाइकांचा, स्पेअर पार्टवाल्यांचा, रस्त्यांचा. तेव्हा जे माझ्याकडे आहे तेच लिहितो. हलकंफुलकं ज्यांना हवं असेल त्यांनी पान उलटावं, माझी हरकत नाही.

माझं नाव पंडित. गाव शिंदखेडा, गॅरेज धुळ्याला महामार्गाच्या कडेला, आता बंद. जन्मभर एकच काम केलं, डिफरन्शिअलचं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध खाली लोखंडी गोळा लटकलेला दिसतो ना, तो. इंजिनाची, ब्रेकची, रंगाची कामं मी घेतली नाहीत. कुणी आग्रह केलाच तर "समोर जा" म्हणायचो, आणि ज्या सुरात म्हणायचो त्यामुळे तो माणूस समोरही जायचा नाही, थेट गावाला जायचा. माझा राग माझ्या कामाइतकाच प्रसिद्ध होता. पाचोऱ्याचे एक ट्रकमालक तर गाडी ड्रायव्हरबरोबर पाठवायचे आणि स्वतः फोनसुद्धा करायचे नाहीत.

आता हा गोळा करतो काय? बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात, म्हणून ती सुखाने वळते. मोटारीत तसं नाही. तिथं चाकांना इंजिन फिरवतं, आणि वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोघांना आपापल्या चालीने चालू देणारी सोय म्हणजे डिफरन्शिअल. सोय उत्तम, पण तिच्यात एक खोट आहे. एक चाक चिखलात रुतून घसरायला लागलं की सगळं बळ त्या घसरणाऱ्याकडेच जातं, आणि ज्याचा पाय जमिनीवर पक्का आहे तो उभा राहतो. घरात जो भाऊ बसून खातो त्याच्याच ताटात तूप, आणि नांगर धरणाऱ्याला कोरडी भाकर, असा तो न्याय आहे. यावर उपाय लॉकर. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि बरोबरीने फिरतात. मात्र बांधलेल्या चाकांची गाडी डांबर-सिमेंटसारख्या घट्ट रस्त्यावर वळायला तयार नसते, सरळ जायला बघते. हे मला तोंडपाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

दुसरी गोष्ट क्राऊन आणि पिनियनची. गोळ्याच्या आत मोठं दातेरी चाक असतं ते क्राऊन, त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन. टायर मोठे टाकले, ओझं वाढलं की इंजिन दमतं. मग ही जोडी बदलून अशी घालायची की चाक हळू फिरेल पण जोर वाढेल. कारखान्यात ही दोन एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचं क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनला लावलं की गाडी किंचाळत जाते. आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं इंजिनाने फिरणारी, गाडी असेल तर पुढच्या आसाची जोडी आणि मागच्या आसाची जोडी एकाच मापाची हवी. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं, आणि मधला गिअरबॉक्स बिचारा मरतो.

हे मी रावेरकडच्या एका केळीवाल्याच्या मुलाला तीनदा सांगितलं. त्याला तापीच्या वाळूत जीप नाचवून तिचे व्हिडिओ काढायचे होते. म्हणाला, "मागचीच जोडी बदला, पुढचं कोण बघतं?" मी त्याला हाकललं. त्याने दुसरीकडून करून घेतलं, पुढची चाकं जोडून डांबरावर गाडी पळवली, आणि पंधरा दिवसांनी ट्रॅक्टरच्या मागे दोराला बांधून माझ्याच दारात आणली. वर फोन पुढे करून मलाच दाखवायला लागला की यात तर असंच सांगितलंय. मी पाना फेकला. त्याला नाही, फोनच्या दिशेने. तो पाना मी पुढे बरेच दिवस अभिमानाने लोकांना दाखवत असे. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्या लोकांची मला मनापासून चीड आहे, आणि ती आजही गेलेली नाही. फक्त आता त्या लोकांच्या यादीत माझंही नाव आहे. ते कसं, ते सांगायलाच हा लेख लिहितोय.

हिलाल शिरपूरच्या वरच्या अंगाचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. थोडी कोरडवाहू जमीन आणि एक जुनी फोर बाय फोर जीप. वर डोंगरात पाडे आहेत, तिथवर एसटी जात नाही. बाजाराचं सामान, रेशनचं धान्य, शाळेच्या मॅडम, आजारी माणूस, सगळं हिलालच्या जीपमधूनच वर-खाली व्हायचं. पावसाळ्यात घाटातल्या तिसऱ्या वळणाच्या पुढे नुसता चिखल. एकदा एका अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात आणायला तो पाड्यावर निघाला आणि त्या चढावर गाडी अडकली. एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म. माणसं ढकलून दमली. शेवटी बाईला झोळीत घालून चालत खाली आणावं लागलं. बाई वाचली, मूल वाचलं नाही. त्यानंतर आठ दिवसांनी हिलाल माझ्याकडे आला. मी नेहमीप्रमाणे खेकसून काय काम आहे विचारलं. तो म्हणाला, "नाना, एक चाक फिरस, दुसरं उभं ऱ्हास. त्याले काई तरी करा." मग त्याने ती बाईची हकिगत सांगितली. मी काम घेतलं.

पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना नव्या जोड्या आणि मागे विजेवर चालणारा लॉकर. आख्खे चार दिवस लागले, आणि ते चार दिवस माझ्या आयुष्यातले उत्तम कामाचे दिवस होते, हे मी कुणाची भीड न धरता सांगतो. नवी जोडी नुसती आत ठेवून बोल्ट आवळले की झालं असं नसतं. पिनियन किती आत जायला हवं ते त्याच्या बेअरिंगखालच्या पातळ पत्र्या ठरवतात. क्राऊनच्या दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, हाताने फिरवायचं, आणि दाता दात्याला कुठे टेकला त्याचा ठसा वाचायचा. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या फिटरने मला हे शिकवलं. बाजारात यासाठी परदेशी पिवळी पेस्ट मिळते, पण माझा भरवसा शेंदरावर. हिलालने तो शेंदूर माखलेला क्राऊन बघितला आणि चपला काढून हात जोडले. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आला. हा देव नाही, हे माप आहे, असं मी त्याला सांगितलं, पण नारळ परत दिला नाही.

पहिला ठसा दात्याच्या मुळाशी पडला, म्हणजे पिनियन जास्त आत होतं. बेअरिंग काढलं, आधीपेक्षा पातळ पत्री घातली, बेअरिंग परत दाबून बसवलं, पुन्हा शेंदूर. ठसा जरा वर आला. पुन्हा सगळं काढलं. दोन दात्यांमध्ये मोकळीक किती ठेवायची, तर दोन कागदांच्या जाडीएवढी. कमी ठेवली तर तापून दाते जळतात, जास्त ठेवली तर ठोके बसून तुटतात. मागच्या आसाला सहा वेळा उघडझाप केली तेव्हा ठसा दात्याच्या बरोबर मध्यावर उमटला. हिलाल चारही दिवस समोरच्या टपरीवर बसून होता. घाई कर म्हणाला नाही. असं गिऱ्हाईक मला अडतीस वर्षांत दुसरं भेटलं नाही.

गाडी तयार झाली. हिलाल चालकाच्या जागेवर बसला आणि विचारलं, "नाना, हाई लॉक कव्हय लावाचं?"

खरं उत्तर असं होतं: चाक घसरायला लागेल तिथंच लाव, दहा-वीस हात निघालास की काढ. वळणावर काढ. घट्ट रस्त्यावर चढ असो की उतार, कधी लावू नकोस. एवढं सांगायला आणि एकदा गाडीत बसवून दाखवायला अर्धा तास पुरला असता. पण मला भूक लागली होती, तेवढ्यात दुसऱ्या एका ट्रकचं कुणीतरी येऊन डोकं खात होतं, आणि शिवाय मला वाटलं, या माणसाला एवढं कशाला सांगायचं, गोंधळेल. त्याच्या घाटात चढ म्हणजे चिखल, हे मी गृहीत धरलं. मी त्याच्याच बोलीत एका दमात सांगितलं, "चढले लॉक, उतारले मोकयं." चढाला लॉक, उताराला मोकळं. त्याने तीनदा म्हणून दाखवलं. मला माझंच कौतुक वाटलं. पुढच्या वेळी ऑइल बदलायला आला तेव्हा त्याने ते वाक्य पेंटरकडून बटणाखाली लाल अक्षरात लिहूनच घेतलं होतं. मी आल्यागेल्याला ते दाखवलं. लोखंडाच्या दात्यांना मी चार दिवस दिले आणि माणसाला एक श्वास दिला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन पावसाळे गाडी वाघासारखी चढली. मग त्या घाटात सिमेंटचा रस्ता आला. तोही पुरा नाही, पायथ्यापासून तिसऱ्या वळणापर्यंतच. पुढचा, जिथं खरी गरज, तो तसाच. सिमेंट झाल्यावर हिलालचा मला फोन आला होता. "नाना, नवा रस्तावर गाडी वयाले जड जास." वळायला जड जाते, एवढं कानावर पडलं, पण मी एका आडमुठ्या बोल्टशी भांडत होतो. टायरमधली हवा तपास म्हणालो आणि फोन ठेवला. पुन्हा फोन केला नाही, ना त्याने ना मी. त्याने तरी का करावा? नानांनी सांगितलं, हवा तपास. त्याने तपासली असणार.

मार्च महिन्यात, दिवसाढवळ्या, कोरड्याठाक सिमेंटवर हिलालची जीप वर चढताना दुसऱ्या वळणावर वळलीच नाही. मागे धान्याची पोती होती, त्यामुळे पुढची चाकं हलकी झालेली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं आणि गाडी सरळ. वळणाला कठडा नव्हता. पोत्यांवर बसलेल्या दोघांनी उड्या टाकल्या, त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. हिलाल जीपबरोबर नाल्यात गेला. डोक्याला मार लागला, त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नाही. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मला कळलं तेव्हा मी इतका संतापलो की महिनाभर माझ्या गॅरेजात कुणी चहाला थांबत नव्हतं. कठडा न बांधणाऱ्या ठेकेदाराला शिव्या दिल्या. अर्धा रस्ता सोडून देणाऱ्यांना दिल्या. हिलाल पिऊन गाडी चालवत होता अशी आवई उठवणाऱ्या एका माणसाची तर मी कॉलर धरली. सगळा राग खरा होता. कठडा हवाच होता. हिलाल पीत नव्हताच. पण चोराच्या मनात चांदणं असतं, आणि माझा आवाज एवढा का चढला होता ते मला आतून ठाऊक होतं.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात लावली होती. मी बघायला गेलो. मिस्त्री आहे, गाडीचं काम मीच केलंय, म्हटल्यावर हवालदाराने जाऊ दिलं. टप चेपलेला, काच फुटलेली, मागचा आस शाबूत. माझ्या कामाला काही झालं नव्हतं. मी आत वाकून बघितलं. बटण वर होतं. लॉक लागलेलं. त्याखाली लाल अक्षरात माझं वाक्य. हवालदार तंबाखू मळत दुसरीकडे बघत होता. मी अंगठ्याने बटण खाली केलं आणि निघून आलो.

का केलं? बॅटरी तुटलेली, त्या बटणाचा गाडीला काही उपयोग उरला नव्हता. उपयोग फक्त मला होता. मी हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. त्या उन्हाळ्यात मी गॅरेज बंद केलं. गुडघे दुखतात असं कारण सगळ्यांना दिलं. गुडघे दुखतात हेही खरंच आहे.

आठ महिन्यांनी, म्हणजे गेल्या वर्षी दिवाळीनंतर, शिंदखेड्याला माझ्या दारात तीच जीप येऊन उभी राहिली. नवा टप, नवी काच. चालवत होती हिलालची बायको मंगला. ती शेतात ट्रॅक्टर चालवते हे मला माहीत होतं. हिलाल कुबडी टेकत उतरला, मी नको नको म्हणत असताना वाकून माझ्या पाया पडला आणि ओट्यावर बसला. पाणी झालं, चहा झाला. मग म्हणाला, "नाना, चूक मनीच. मी लॉक लावाले इसरी गऊ. तुम्हीन त सांगेल व्हतं."

मी विचारलं, तुला आठवतंय? नाही म्हणाला. ठाण्यातून गाडी सोडवून आणायला मंगला गेली होती, तिनं बघितलं की बटण खाली आहे. चढावर लॉक लावायचं हा विसरला, म्हणून गाडी घसरली, असा दोघांनी अर्थ लावला होता. आता गाडी मंगला चालवणार होती. पाड्यावरची माणसं आठ महिने पुन्हा झोळ्या उचलत होती. हिलाल म्हणाला, "जसं माले सांगं तसंच हिले सांगा. हाई इसराले नको. मी हिले रोज म्हनाले लावस, चढले लॉक."

मंगलाने मान हलवली. तिलाही पाठ होतं.

मी गप्प बसलो असतो तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी बटण वर करून त्याच वळणावर गेली असती. एवढं स्पष्ट होतं ते, म्हणून मी बोललो. धैर्य वगैरे काही नाही. मी सगळं सांगितलं. माझं वाक्य चुकीचं होतं. फोन आला तेव्हा मी नीट ऐकलं नाही. तू विसरला नव्हतास हिलाल, लॉक लागलेलं होतं, म्हणूनच गाडी वळली नाही. बटण मी खाली केलं. शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज चिरकला, आणि त्याचाही मला राग आला.

हिलालने कुबडी जवळ ओढली. बोलली मंगला. हळू आवाजात बोलली.

"म्हंजे यास्ना पाय तुमना सांगामुये ग्या. आन् तुम्ही तठे जाईसन बटन खाले करी उनात. आठ महिनाफाईन हाऊ मानूस सोताले शिव्या दी ऱ्हायना, नाना. मीबी त्यास्ले बोलनू. इसरभोया शे म्हने, घर बुडाडं म्हने."

हिलाल तिला म्हणाला, गप ऱ्हाय, नाना मोठा माणूस शे. मी म्हटलं, बोलू दे तिला. पण तिला आणखी बोलायचं नव्हतं. तिनं चहाचे कप उचलून ओट्याच्या कडेला ठेवले, पदर खोचला आणि म्हणाली, "उठा. गाडीमा बठा. कोठे लावाचं, कोठे नही, ते रस्तावर सांगा. आते तोंडी नको."

मी बसलो. शिंदखेड्याहून त्यांच्या घाटापर्यंत तिनं गाडी कुठे थांबवली नाही. घाट लागल्यावर तिनं प्रत्येक वळणाआधी गाडी थांबवली आणि विचारलं, आणि मी प्रत्येक वेळी कारणासकट सांगितलं. सिमेंटवर मोकळं. दुसऱ्या वळणावर मोकळं. तिथं अजूनही कठडा नाही. तिसऱ्या वळणानंतर झऱ्यांमुळे अजून ओल्या राहिलेल्या चिखलाच्या जागा तिनं उतरून पायाने दाबून बघितल्या, चाक घसरलं की लावलं, निघालं की काढलं. पाड्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. मग तिनं गाडी फिरवली आणि मला सोबत ठेवून सगळा घाट पुन्हा एकदा चढून-उतरून दाखवला. एकही चूक केली नाही. खाली आल्यावर तिनं पदराच्या टोकाला थुंकी लावून बटणाखालची लाल अक्षरं पुसायला घेतली. ती पक्क्या रंगाची होती, निघेनात. मग तिनं डिकीतून पाना काढला आणि खरवडली.

हिलाल मागच्या बाकावर होता. जाताना, येताना, दुसऱ्यांदा चढताना, तो माझ्याशी बोलला नाही. शिरपूरच्या स्टँडवर त्यांनी मला सोडलं. मी उतरून मागे गेलो, म्हटलं, येतो हिलाल. त्याने कुबडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि दुसरीकडे बघितलं. माझ्या पाया पडणारा माणूस तो. गाडी निघून गेली.

अडतीस वर्षं मी लोकांवर रागावलो, आणि तो राग कसा वापरायचा ते मला चांगलं जमायचं. आपल्यावर कुणी रागावलं आणि ते बरोबर असलं, तर माणसानं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिंदखेड्याची गाडी लागली होती. कंडक्टरने दोनदा विचारलं, आजोबा, यायचं का. मी तिथंच उभा होतो.